ट्रॅक्टर गेला, ट्रॉली राहिली



या अंकात आम्ही लागणीचा वा खोडव्याचा विषय न घेता उभ्या ट्रॉलीचा विषय घेतला आहे, याचे काहींना नवल वाटेल. ऊस विकास खात्याने बेण्याविषयी लिहावे, खताच्या मात्रेविषयी लिहावे, ट्रॉलीचे बघायला वाहतूक विभाग आहे, असे कोणी म्हटले तर ते चूक नाही. पण गळीत हंगाम सुरू झाला की आमचा दिवस फडात उगवतो आणि फडातच मावळतो. तिथे जे डोळ्यांनी पाहिले ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

गेल्या हंगामातली गोष्ट. आमच्या एका गटात ओढ्याकाठच्या फडाची तोड चालू होती. फडातून दोन ट्रॉल्या एकदम निघत नाहीत हे आपणांस ठाऊकच आहे. एक ट्रॉली ओढून रस्त्यावर आणायची, कडेला सोडायची, परत आत जाऊन दुसरी आणायची, आणि मग दोन्ही एकामागे एक जोडून कारखान्याचा रस्ता धरायचा. त्याप्रमाणे पहिली भरलेली ट्रॉली डांबरी रस्त्याच्या कडेला उभी केली, ड्रायव्हरने जवळचा एक वाटोळा दगड चाकाखाली सारला, पिन काढली आणि ट्रॅक्टर घेऊन तो आत गेला. मागे दहा-बारा मोळ्या राहिल्या होत्या. टोळीतली एक बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वर चढत होती. ती फळीच्या मध्यावर असताना ट्रॉली हलली. दगड वाटोळा, तो चाकाबरोबरच गडगडत गेला. फळी निसटली, बाई मोळीसकट खाली आली आणि ट्रॉली वीस-पंचवीस पावले मागे जाऊन ओढ्याच्या पुलाच्या कठड्याला अडली.

बाईच्या खांद्याचे हाड मोडले. आम्ही दहा मिनिटांनी तिथे पोचलो, तेव्हा ती स्वतःच्या खांद्याबद्दल बोलतच नव्हती. तिचे तान्हे मूल थोड्या वेळापूर्वी त्याच ट्रॉलीच्या सावलीला, चाकाशेजारी निजवलेले होते. ते रडायला लागले म्हणून थोरल्या मुलीने उचलून बांधावर नेले, एवढेच. ती पुन्हा पुन्हा तेच सांगत होती.

ड्रायव्हरला सगळे बोलू लागले. आम्हीही बोललो. पण नंतर विचार केला, त्या ठिकाणी उतार आहे असे आम्हांला तरी कधी वाटले होते का? त्या रस्त्याने आम्ही वर्षानुवर्षे मोटारसायकलने जातो-येतो. म्हणून दुसऱ्या दिवशी गवंड्याची पाण्याची नळी नेऊन पातळी काढली. पन्नास फुटांत सव्वा फूट उतार निघाला. डोळ्यांना तो सपाटच दिसतो.

आता थोडे गणित करू. एका ट्रॉलीत दहा टन ऊस आणि ट्रॉलीचे स्वतःचे वजन दोन टन धरा, म्हणजे झाले बारा टन. पन्नास फुटांत सव्वा फूट म्हणजे चाळिसास एक. बारा टनांना चाळिसाने भागले की तीनशे किलो येतात. तेवढ्या जोराने ती ट्रॉली सारखी खाली ओढली जात असते. तिला धरून ठेवायला काय असते? फक्त टायरचा आणि बेअरिंगचा विरोध. टायरमध्ये हवा पुरी असेल आणि खाली डांबर असेल, तर हा विरोध टनामागे साधारण पंधरा ते पंचवीस किलो, म्हणजे बारा टनांना एकशेऐंशी ते तीनशे किलो. पाहा, तराजूची दोन्ही पारडी जवळजवळ बरोबर झाली. अशा वेळी ट्रॉली उभी राहते खरी, पण केवळ नशिबावर उभी राहते. एक मोळी वर आपटली, कोणी फळीवरून चढले, चाक खडीवरून एक बोट सरकले, की पारडे फिरते. आणि चाक एकदा फिरू लागले म्हणजे ते आपणहून थांबत नाही.

तीच ट्रॉली फडात का पळत नाही? कारण मऊ रानात चाक रुतते आणि विरोध टनामागे शंभर किलोच्या पुढे जातो. बारा टनांना बाराशे किलो. तीनशे किलोची ओढ तिथे काहीच करू शकत नाही. म्हणजे दिवसभर फडात ट्रॉली न बांधता, न अडवता उभी करायची सवय ड्रायव्हरच्या हाताला लागते आणि डांबरावर आल्यावरही हात तेच करतो. दोष निव्वळ हलगर्जीपणाचा नाही. जमीन बदलली आणि सवय तीच राहिली, असा हा प्रकार आहे.

दुसरी जागा म्हणजे चढ. दोन ट्रॉल्या चढावर ओढवेनात की ड्रायव्हर मागची ट्रॉली पायथ्याला किंवा थेट मध्यावर सोडतो आणि पुढची वर नेऊन ठेवतो. मध्यावर सोडणे हा शुद्ध वेडेपणा आहे, इतके स्पष्टच लिहितो. वीस फुटांत एक फूट असा चढ असेल तर बारा टनांची ओढ सहाशे किलो होते, आणि ती अडवायला चाकाखाली नारळाएवढा एक दगड. सोडायचीच झाली तर चढ सुरू होण्याआधी सपाटीवर सोडावी. मग एक चक्कर वाढली तरी वाढू द्यावी.

मूळ गोष्ट अशी की आपल्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नाही. ब्रेक आहे तो ट्रॅक्टरला. पिन निघाली की ब्रेक ट्रॅक्टरबरोबर निघून गेला. बैलगाडीच्या काळात हे सांगावे लागत नसे. बैल सोडायच्या आधी जुन्या गाडीवानाचा पाय आपोआप दगड चाकाशी ढकलायचा आणि जुवाखाली शिपाई लागायचा. गाडी उलाळ आहे की धुरी, हे तो हात लावून ओळखायचा. आमचे वडील तर रिकामी गाडी अंगणात सोडतानाही चाकाला दगड लावत, आणि आम्ही त्यांना हसत असू. ट्रॅक्टर आला, वजन दहापट झाले आणि ही रीत मात्र गेली.

ठोकळा कसा असावा

दगड नको. दगड वाटोळा असतो, फुटतो, आणि सर्वांत वाईट म्हणजे ट्रॉली गेल्यावर तो रस्त्यातच राहतो. हंगामात रात्री मोटारसायकलवाले अशा दगडांवर आदळून पडतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आपल्याच गावची पोरे असतात ती.

बाभळीच्या जुन्या ओंडक्यातून पाचरीच्या आकाराचा ठोकळा काढून घ्यावा. उंची चाकाच्या उंचीच्या चौथ्या हिश्श्याइतकी, म्हणजे आपल्या नेहमीच्या ट्रॉलीच्या चाकाला नऊ ते दहा इंच. बुडाची लांबी बारा-तेरा इंच, रुंदी टायरइतकी. उतरती बाजू चाकाकडे यायला हवी. बुडाला जुन्या टायरचा तुकडा खिळ्यांनी ठोकावा, म्हणजे डांबरावर तो घसरत नाही. खिळ्यांची डोकी रबरात बुडवावीत, नाहीतर डांबराला खिळा टेकेल आणि रबराचा उपयोग होणार नाही. असा एक ठोकळा पाच-सहा किलोचा भरतो. गावचा सुतार दुपारभरात चार करून देईल. दोन-दोन ठोकळे हातभर दोरीने एकमेकांना बांधून ट्रॉलीलाच अडकवून ठेवावेत. सुटे ठेवले तर टोळीच्या चुलीत जातील, हे आम्ही अनुभवाने सांगतो! त्यात टोळीचा दोष नाही; थंडीच्या दिवसांत वाळके बाभळीचे लाकूड समोर दिसल्यावर कोण सोडील?

लावताना ठोकळा टायरला अगदी चिकटवून, वरून पायाने किंवा हातोड्याने ठोकून बसवावा. चार बोटे अंतर राहिले तर तेवढ्यात ट्रॉली वेग घेते, आणि वेग घेतलेले चाक ठोकळ्याला ढकलते किंवा वरून उडी मारते. उताराच्या खालच्या बाजूला दोन्ही चाकांना ठोकळा हवाच, शक्य असेल तर वरच्या बाजूलाही. चारचाकी ट्रॉलीचा पुढचा आस दांडीबरोबर फिरतो, म्हणून पुढच्या चाकांवर भिस्त ठेवू नये. मागच्या चाकांना ठोकळे लावावेत. दोनचाकी ट्रॉलीला दांडीखालच्या जॅकच्या बुडाशी फळीचा तुकडा द्यावा. ओल्या रानात जॅक वीतभर खचला की सगळे वजन सरकते. तसेच अशा ट्रॉलीत मागे जास्त ऊस भरला गेला असेल तर ती उलाळ होते आणि पिन काढताच दांडी उसळून वर येते. दांडीवर वाकून पिन काढणाऱ्याचा जबडा तिथे असतो. म्हणून मागच्या बाजूलाही टेकू द्यावा, आणि पिन काढताना तोंड दांडीच्या वर नसावे.

क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी ठोकळे, मग जॅक, मग पिन. जोडताना उलट: आधी पिन आणि तिची खीळ, मग जॅक वर, आणि सर्वांत शेवटी ठोकळे. ठोकळा हाताने ओढून काढू नये, दोरीने ओढावा. घाईत क्रम उलटा झाला आणि बोटे गेली अशी दोन माणसे आमच्या ओळखीची आहेत.

ट्रॅक्टर जोडलेला असतानाही नुसत्या गिअरवर भरवसा ठेवू नये. बंद इंजिनातली दाबलेली हवा हळूहळू निसटते आणि गाडी धक्क्याधक्क्याने पुढे सरकू शकते. ब्रेकचे पेडल दाबून त्याचे लॉक लावावे, खालचा गिअर घालावा, चावी खिशात घालावी, आणि उतारावर असाल तर ठोकळेही लावावेत. यार्डात नंबर लागेपर्यंत ड्रायव्हर चहाला जातात, तेव्हाही हेच. यार्ड सपाट दिसते, पण पाणी वाहून जावे म्हणून त्याला उतार दिलेला असतोच.

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम १२६ हेच सांगते. सार्वजनिक जागी वाहन उभे करून चालक बाजूला जात असेल, तर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा, किंवा चालकाच्या गैरहजेरीत वाहन आपोआप हलणार नाही याची दुसरी व्यवस्था केलेली हवी. आपल्या ट्रॉलीला ब्रेकच नसतो, तेव्हा ठोकळा हीच ती व्यवस्था. अपघात झाला तर पहिला प्रश्न हाच विचारला जातो, आणि तो ड्रायव्हरइतकाच मालकालाही विचारला जातो.

जाता जाता एक सांगतो: रस्त्यावर सोडलेल्या ट्रॉलीच्या मागच्या फळीला लाल रिफ्लेक्टर असावेत आणि ते उसाच्या वाढ्यांनी झाकलेले नसावेत. याविषयी मागेही लिहिले आहे, म्हणून इथे लांबवत नाही.

ट्रॉलीला चावी नसते

ब्रेकसारखीच दुसरी गोष्ट चावीची. ट्रॅक्टरला चावी आहे, ट्रॉलीला नाही. कोणीही ट्रॅक्टर आणावा, पिन घालावी आणि ओढून न्यावी. रस्त्यात कोणी विचारत नाही, कारण ट्रॅक्टरमागे ट्रॉली हे आपल्याकडचे रोजचेच दृश्य आहे.

आमच्या ओळखीच्या एका सभासदाची ट्रॉली हंगाम संपल्यावर रस्त्याकडेच्या खळ्यावर उभी होती. दांडी रस्त्याकडे, जशी आणून सोडली तशीच. घरचे सगळे लग्नाला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यावर फक्त टायरच्या खुणा. पोलीस ठाण्यात गेल्यावर अंमलदाराने चेसिस नंबर विचारला. तो यांना सांगता येईना. कागद ट्रॅक्टरचे होते, ट्रॉलीचे कुठेतरी कपाटात. ते सापडायला दोन दिवस गेले. विम्याकडे गेले, तर पॉलिसीवर ट्रॅक्टर होता आणि ट्रॉलीचा उल्लेखच नव्हता. बँकेचे हप्ते मात्र अजून चालू आहेत. नसलेल्या ट्रॉलीचे हप्ते ते दरवर्षी उसाच्या बिलातून भरतात. बिल घ्यायला येतात तेव्हा आमच्याकडे बघून हसतात, पण ते हसणे काही खरे नव्हे.

म्हणून पहिले काम फुकटचे आहे ते करा. दांडी रस्त्याकडे ठेवू नका. भिंतीकडे, गोठ्याकडे किंवा झाडाच्या बुंध्याला भिडवून ठेवा, म्हणजे दुसऱ्या ट्रॅक्टरला मागे येऊन जोडायला जागाच राहणार नाही. दोन ट्रॉल्या असतील तर दोन्हींच्या दांड्या एकमेकींकडे करून साखळीने एकत्र बांधा.

दुसरे, दांडीच्या पुढच्या कडीतच कुलूप घाला. नुसती आपली पिन घरी नेऊन उपयोग नाही, चोर स्वतःची पिन घेऊन येतो. कडीच्या भोकात बसेल अशा जाडीचा गोल गजाचा तुकडा घ्यावा. त्याच्या एका टोकाला चकती वेल्ड करावी आणि दुसऱ्या टोकाला भोक पाडून त्यात कुलूप घालावे. भोक भरलेले असले की त्यात दुसऱ्याची पिन जात नाही. वेल्डिंगवाल्याकडे हे तासाभराचे काम आहे. याला आम्ही गमतीने ट्रॉलीची चावी म्हणतो.

तिसरी साखळी. ती चाकाच्या डिस्कच्या भोकातून घेऊन चेसिसभोवती किंवा आसाभोवती आवळून घ्यावी. म्हणजे ट्रॉली ओढली तरी चाक फिरणार नाही, आणि नुसते चाक काढून नेणेही जमणार नाही. अलीकडे अख्ख्या ट्रॉलीपेक्षा चाकेच जास्त जातात. साखळी जमिनीवर लोळेल इतकी सैल ठेवू नये. जमिनीवर टेकलेल्या कडीवर घण बसतो, हवेत ताणलेल्या कडीवर तो नीट बसत नाही. कुलूप आतल्या बाजूला, चावीचे तोंड खाली येईल असे असावे. पाणीही शिरत नाही आणि हातोडाही पोचत नाही. बैलाच्या साखळीचे काम हे नव्हे, जाड साखळी घ्या.

पावसाळ्यात तर चाके काढून ट्रॉली विटांच्या किंवा लाकडाच्या थप्पीवर बसवणे हाच उत्तम उपाय. चाके घरात किंवा सावलीत ठेवावीत. टायर उन्हापावसात एकाच जागी दबून राहत नाहीत, त्यांचे आयुष्य वाढते, आणि बिनचाकाची ट्रॉली रातोरात कोणी नेत नाही. मात्र थप्पी पक्क्या जमिनीवर रचा, आणि एकट्या जॅकवर उचललेल्या ट्रॉलीखाली शिरू नका.

शेवटी ओळख. चेसिस नंबर वहीत लिहून ठेवा, पंच केलेल्या जागेचा मोबाईलवर फोटो काढून मुलाच्याही मोबाईलवर पाठवा. टायरवरचे नंबरही लिहा. शिवाय चेसिसच्या आतल्या बाजूला, सहज दिसणार नाही अशा जागी, वेल्डिंगने आपली एखादी खूण करा आणि ती कोणाला सांगू नका. चोर रंग बदलतो, फळ्या बदलतो, नंबरही घासतो, पण त्याला माहीत नसलेली खूण तो घासू शकत नाही. बॅटरीवर चालणारे छोटे ट्रॅकरही आता बाजारात मिळतात. ज्यांना परवडते त्यांनी बसवावेत, पण बॅटरी चार्ज करायची आठवण घरात एकाकडे सोपवावी, नाहीतर ते नुसते खोके राहते. आणि विम्याच्या पॉलिसीवर ट्रॉलीचा नंबर वेगळा लिहिला आहे का, हे हा अंक हातातून खाली ठेवण्यापूर्वी एकदा पाहा.

ठोकळ्याचा आणि दांडीच्या कुलपाच्या गजाचा नमुना आम्ही प्रत्येक गट ऑफिसात ठेवला आहे. मापे घेऊन जावे; ठोकळा मात्र परत ठेवावा, कारण गेल्या महिन्यात एका गट ऑफिसातला नमुनाच नाहीसा झाला. येत्या हंगामाचे वाहतूक करार सुरू होतील तेव्हा आमचा माणूस ट्रॉलीबरोबर चार ठोकळे आहेत की नाहीत ते पाहील. टोळी आल्यावर मुकादमाला एक निरोप सभासदांनी स्वतः द्यावा, आम्हीही देऊच: पोरांना निजवायचे ते बांधावर, झाडाखाली, ट्रॉलीच्या सावलीला नाही. सावलीला झाड नसेल तर फडात एक खोप उभी करून द्यावी. चार बांबू आणि वाढ्यांची दोन ओझी, याहून तिला जास्त काही लागत नाही.

— ऊस विकास अधिकारी